मत्स्यबीज लाखांत नको, इंचांत मोजा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जलाशयात लाखो मत्स्यबीज सोडल्याची बातमी छायाचित्रासह आपल्या अंकात वाचली. काठावर पाहुणे, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या, पाण्यात ओतली जाणारी पिल्लं. पावसाळ्यात अशा बातम्या सगळ्याच वर्तमानपत्रांत येतात. महाराष्ट्रातल्या धरणांच्या येतात, तशाच आमच्या गुजरातेतल्याही येतात. त्यांत लाखांचा आकडा ठळक असतो. पिल्लू केवढं होतं, हे मात्र लिहिलेलं नसतं. जो हे पीक वाढवतो त्याला पहिला प्रश्न तोच पडतो, म्हणून हे पत्र.

मी वडोदऱ्याची. दांडिया बाजारात लहानाची मोठी झाले, महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकले आणि लग्नानंतर सासऱ्यांच्या डभोई तालुक्यातल्या जमिनीवर आम्ही दोघांनी तळी खोदली. आमची हॅचरी, म्हणजे माशांची अंडी उबवण्याचं केंद्र, नाही. हॅचरीतून आम्ही मत्स्यजिरे आणतो, संगोपन तळ्यात वाढवून त्याचं मत्स्यबीज करतो, पुढे बोटुकली करतो आणि गावतळी इजाऱ्याने, म्हणजे भाडेपट्ट्याने, घेणाऱ्यांना विकतो. कटला, रोहू, मृगळ हे मुख्य, मागणी असेल तर थोडा गवत्या (ग्रास कार्प). या धंद्यात माणसं थोडी आहेत आणि बोलणारी त्याहून थोडी.

जिरं म्हणजे पाच-सहा मिलिमीटरचा जीव. पाण्यात दिसतात ते त्याचे दोन काळे डोळे, बाकी अंग काचेसारखं आरपार. पंधरा-वीस दिवसांनी ते इंचभर होतं, ते मत्स्यबीज. आणखी दोन-तीन महिन्यांनी चार इंचांच्या आसपास येतं, ती बोटुकली. मोठ्या जलाशयात सोडायची ती बोटुकलीच, आणि तीही शंभर मिलिमीटरच्या खालची नको, हे मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकवतात. कारण उघड आहे. जलाशयात मरळ असते, शिंगाळे असतात, उजनीसारख्या ठिकाणी तिलापियाची गर्दी असते, शिवाय पाणकावळे. तिथे इंचभर पिल्लू सोडलं, तर त्यातलं किती उरेल? म्हणून आपल्या वार्ताहरांना माझी पहिली विनंती अशी की, अशा कार्यक्रमात एक पिल्लू तळहातावर घेऊन पट्टीला लावून बघा आणि ती लांबी छापा. एवढं एक वाक्य बातमीत येऊ लागलं, तरी पुरवठा करणारे आणि खरेदी करणारे दोघेही लांबीचा विचार करू लागतील.

लोकांचा समज असा असतो की माशांची पैदास करणं ही अवघड गोष्ट आणि वाढवणं सोपं. आमच्याकडे आता ते बरोबर उलटं झालं आहे. कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पोटात अंडी धरतात, पण घालत नाहीत. त्यांना पावसाळी पुराचं वाहतं पाणी लागतं. पूर्वी म्हणूनच बंगालातल्या नद्यांमधून जिरे धरत आणि मातीच्या हंड्यांत भरून आगगाडीने देशभर पाठवत. त्यात नको त्या माशांची पिल्लंही येत आणि वाटेत मरतही खूप. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्याच पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या, म्हणजे कटला-रोहूच्या कुळातल्या, माशांचं तळ्यात प्रजनन घडवून आणलं. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन होतो तो त्यामुळे. पुढे तयार संप्रेरकांची इंजेक्शनं आली, गोल फिरत्या पाण्याच्या सिमेंटच्या हॅचऱ्या आल्या. आज संध्याकाळी मादीला इंजेक्शन दिलं, की पहाटेपर्यंत अंडी पडतात. पाणी २८ अंशांच्या आसपास असेल, तर १४ ते १८ तासांत ती फुटतात. पोटाखालची पिवळी पिशवी तीन दिवस पुरते. रोहूची मादी किलोमागे दीड-दोन लाख अंडी सहज देते. कटला जरा हट्टी, पण हात बसलेला माणूस तिलाही वळवतो.

इथवर देशाने उत्तम काम केलं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. आमचं काम सुरू होतं ते चौथ्या दिवशी. पिशवीतलं अन्न संपलेलं असतं, तोंड नुकतंच उघडलेलं असतं आणि त्या तोंडात मावेल एवढंच अन्न त्याच दिवशी, त्याच तळ्यात हजर असावं लागतं. ते बाजारात मिळत नाही, तळ्यातच तयार करावं लागतं.

त्याची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. तळं आटवून तळाच्या काळ्या मातीला भेगा पडेपर्यंत ऊन द्यायचं. जे तळं आटत नाही, त्यात हेक्टरी अडीच हजार किलो या हिशेबाने मोहाची पेंड टाकायची. पेंडेतल्या विषाने मरळ, मांगूर आणि फालतू मासे वर येतात. दोन-तीन आठवड्यांनी विष उतरलं, की तीच पेंड खत होते. मग चुना. मग शेंगदाणा पेंड, शेण आणि थोडं सुपर फॉस्फेट भिजवून आंबवलेली रबडी. ती टाकल्यावर पाण्याचा रंग बदलू लागतो, आणि त्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव वाढू लागतात. ते म्हणजे प्राणी प्लवंग. पन्नास लिटर पाणी बारीक रेशमी जाळीतून गाळून नळीत घ्यायचं, चिमूटभर मीठ टाकायचं आणि तळाशी किती साका बसतो ते बघायचं. एक ते दोन मिलि बसला, तर तळं तयार.

पण नुसतं तयार असून भागत नाही. आधी येतात ते सगळ्यांत बारीक जीव, जिऱ्याच्या तोंडात मावणारे. काही दिवसांनी मोठे पाणपिसू येतात. आणखी उशीर झाला, तर सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव इतके वाढतात की तेच जिऱ्यांना इजा करतात. म्हणजे तळ्याला मुहूर्ताचे चार दिवस असतात. आणि हॅचरीचा मुहूर्त ठरतो पावसावर. वडोदऱ्याला पाऊस जूनच्या मध्यानंतर कधीतरी येतो. तो लांबला, तर उथळ तळ्याचं पाणी दुपारी आंघोळीच्या पाण्याइतकं कोमट होतं, हॅचरीवाला नर-मादी टोचायला धजत नाही, आणि आमच्याकडे वेळेवर पिकवलेलं प्लवंग कुणाच्याही पोटात न जाता सरून जातं. परत रबडी, परत खर्च. हॅचरी आणि संगोपन तळं यांच्या तारखा जुळवून देणारी कुठलीच व्यवस्था तालुक्याच्या पातळीवर नाही. आपापल्या फोनवर, आपापल्या ओळखीवर सगळं चालतं.

त्यातून रबडीच्या वासाने किडे येतात. पाठीवर उलटे पोहणारे, पाणविंचू, पाणभुंगेरे, चतुराच्या अळ्या. एकेक चतुराची अळी दिवसभरात किती जिरे खाते, ते पांढऱ्या ताटलीत दोन्ही एकत्र ठेवून पाहावं. मी नव्या कामगारांना ते मुद्दाम दाखवते. त्यानंतर कुणाला सांगावं लागत नाही. यातल्या बहुतेकांवर उपाय जुना आणि स्वस्त आहे: खाद्यतेल आणि कपड्यांचा साधा साबण. हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण, म्हणजे आमच्या दहा गुंठ्यांच्या तळ्याला साधारण साडेपाच किलो तेल आणि पावणेदोन किलो साबण. दोन्ही गरम पाण्यात घोटून तळ्यावर शिंपडायचं. पाण्यावर तेलाचा पातळ पापुद्रा धरतो. हवा घ्यायला वर येणाऱ्या किड्यांची नळी त्या पापुद्र्यात बंद होते आणि ते गुदमरतात. जिरे सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी हे करायचं.

अट एकच, वारा नको. जुलै महिन्यात आमच्याकडे नैर्ऋत्येचा वारा दिवसभर वाहतो. वारा असला, की पापुद्रा फाटून एका काठाला गोळा होतो आणि तेल, साबण, मेहनत सगळं फुकट. आमच्या तळ्यांवर राखणीला असलेले काका बांबूच्या टोकाला लोकरीचा धागा बांधून ठेवतात. दिवेलागणीला धागा सरळ खाली लोंबू लागला, की ते हाक मारतात. मग सगळे हातातलं काम टाकून तळ्याकडे धावतो. सकाळी काठाला किड्यांची काळी रेघ लागलेली असते. ती गाळून काढली, की त्या दिवशी जिरे सोडता येतात. पिशवी पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगत ठेवायची, दोन्हीकडचं पाणी हळूहळू एक होऊ द्यायचं, आणि पिल्लं आपली आपण बाहेर पडू द्यायची. ओतायची नाहीत.

दहा गुंठ्यांत तीन ते पाच लाख जिरे सोडतात. पुढचे पंधरा-वीस दिवस शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समभाग, पिठासारखा दळून. आणि रोज पहाटे तळ्याची फेरी. ढगाळ हवा तीन-चार दिवस टिकली, की पाण्यातलं शेवाळ दिवसा पुरेसा प्राणवायू करत नाही, पण रात्री घेत मात्र राहतं. पहाटे चारच्या सुमाराला पिल्लं पृष्ठभागावर तोंडं उघडून येतात. काका याला म्हणतात, ‘बेन, पाणी फरी गयुं.’ पाणी फिरलं, की हातात फार तर तासभर असतो.

आता इथे विजेचा प्रश्न येतो, आणि तो मला मुद्दाम लिहायचा आहे. गुजरात सरकारच्या ज्योतिग्राम योजनेत आमच्याकडे गावठाणाचा आणि शेतीचा फीडर, म्हणजे वीजवाहिनी, वेगळा झाला. त्याने गावाचं भलं झालं, दुमत नाही. शेतीच्या फीडरला थ्री-फेज वीज आठ तास मिळते, आणि ती दिवसा मिळावी अशी शेतकऱ्यांची मागणी होती. रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाणाऱ्यांना साप-विंचवाचं भय असतं, तेव्हा ती मागणी रास्तच होती. पण माशांना वीज लागते पहाटे तीन ते सहा. त्याच वेळी आमच्या फीडरवर वीज नसते. पाण्यात हवा घालणारं यंत्र काठावर तयार असतं आणि चालवायला डिझेल जाळावं लागतं. संगोपन तळ्यांना गावठाणाच्या फीडरवरून निदान जुलै ते सप्टेंबर जोडणी द्यावी, एवढीच मागणी आहे. भार अगदी थोडा असतो. एक-दोन अश्वशक्तीच्या यंत्रावर एका तळ्याचा जीव वाचतो.

इतकं करून काय उरतं? साध्या मातीच्या तळ्यात जिऱ्यांपासून मत्स्यबीज होईपर्यंत शंभरात तीस-पस्तीस जगली, तरी लोक बरं म्हणतात. पुढे बोटुकली होईपर्यंत त्यातली साठ-सत्तर टक्के टिकतात. म्हणजे लाखभर जिऱ्यांतून वीस हजारांच्या आसपास बोटुकली. चांगली निगा राखली, तर पहिल्याच टप्प्यात निम्मी वाचतात आणि उत्पन्न दीडपट होतं. नवी हॅचरी न उभारता, एकही जादा मादी न टोचता. देशाला मत्स्यबीज कमी पडतं असं म्हणतात, तेव्हा मला ही मधली गळती दिसते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली, २०,०५० कोटींची, महिलांना ६० टक्के अनुदान. तळी खोदायला तिचा उपयोग होतो, हे मी स्वतः सांगू शकते. पण तळं खोदणं हा एका उन्हाळ्याचा खर्च. पेंड, तेल, डिझेल आणि राखण हे दरवर्षीचं, आणि शिकलेला माणूस तयार करणं हे त्याहून अवघड. जाळी धरून साका बघणारा, वारा ओळखणारा, पाणी फिरल्याचं अंधारात नुसत्या आवाजावरून सांगणारा माणूस कुठल्या योजनेच्या यादीत नाही. तालुक्यात अशा दहा तरुणांना एक पावसाळा तळ्यावर ठेवून शिकवलं, तर त्याचा उपयोग एखाद्या इमारतीपेक्षा जास्त होईल.

बियाण्याच्या जातीबद्दलही लिहायला हवं. एका हंगामात आम्ही रोहू म्हणून आणलेले जिरे वाढले, तेव्हा डोकं कटलासारखं मोठं आणि अंग रोहूचं निघालं. वेगवेगळ्या जातींचे नर-मादी एकाच गोल हौदात सोडले, की असं होतं. खरेदीदाराने माल परत केला आणि त्याचं बरोबरच होतं. पाठवणाऱ्याने दाद दिली नाही. मोजणीचंही तसंच. जिरे विकतात वाटीने. वाटी किती भरायची, पाणी किती निथळू द्यायचं, यात लाखाला पंधरा-वीस हजारांचा फरक सहज पडतो. मी आता एक वाटी पांढऱ्या ताटलीत ओतून, पाणी घालून, तिचा एक भाग मोजायला लावते. हॅचरीवाल्यांना ते आवडत नाही, पण प्रामाणिक असतात ते मोजू देतात.

त्याहून खोल प्रश्न नात्यातल्या नात्यात पैदाशीचा. तळ्यातलेच मासे वाढवायचे, त्यांचीच पिल्लं काढायची, त्यातलेच पुन्हा नर-मादी ठेवायचे, असं वर्षानुवर्षं चाललं, की वाढ मंदावते, वेडीवाकडी पिल्लं निघतात. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या मदतीने १९९२ पासून निवड पद्धतीने रोहू सुधारला. तोच ‘जयंती रोहू’. राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळाने तिथेच जवळ प्रजनक माशांची बँकही उभारली आहे. म्हणजे चांगला वंश देशात आहे. तो आमच्या हॅचऱ्यांपर्यंत किती वर्षांनी एकदा येतो आणि कुठल्या हॅचरीकडे कुठल्या सालचे नर-मादी आहेत, याचा तक्ता शेतकऱ्याला बघायला मिळाला पाहिजे. बियाण्याच्या पिशवीवर वाण आणि उगवणशक्ती छापलेली असते. जिऱ्यांच्या पिशवीवर एक ओळही नसते. खोक्यावर स्केचपेनने गावाचं नाव लिहिलेलं असतं, तेवढंच.

पक्ष्यांबद्दल थोडं. आम्ही वढवाणा तलावापासून फार लांब नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला तो तलाव २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला आणि हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. त्यांच्यासोबत आमच्याकडे पाणकावळेही येतात. बोटुकलीच्या तळ्यांवर आम्ही आडव्या-उभ्या नायलॉनच्या दोऱ्या ताणतो. पक्ष्याला झेप घेता येत नाही आणि तो अडकतही नाही. जाळं पसरू नये, त्यात पक्षी मरतात. काही शेजारी फटाके लावतात, ते मला पटत नाही. मगरीचंही तेच. विश्वामित्री नदीच्या आसपासच्या गावांत मगर तळ्यात येणं नवीन नाही. वनखात्याला कळवावं, स्वयंसेवक येतात आणि नेतात. तिच्या वाटेत आपण तळी खोदली आहेत, एवढं भान ठेवावं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आमच्याकडची बहुतेक गावतळी पावसाने भरतात. ऑगस्टमध्ये भरलेलं तळं मार्च-एप्रिलला तळाशी जातं. इजारदाराला आठ महिन्यांत विक्रीजोगा मासा हवा. त्यासाठी त्याला ऑगस्टमध्येच चार इंची बोटुकली सोडायला हवी. पण जुलैत जन्मलेलं पिल्लू ऑक्टोबरशिवाय चार इंचांचं होत नाही. मग तो काय करतो? ऑगस्टमध्ये इंचभर मत्स्यबीज दुपटीने सोडतो. त्यातलं बरंचसं जातं, जे उरतं ते एप्रिलमध्ये अर्धा किलोचं होत नाही, आणि पुढच्या वर्षी तो तळ्याच्या नादी लागत नाही.

यावर उत्तर आहे आणि आंध्र प्रदेशातले मत्स्यशेतकरी ते कित्येक वर्षं वापरतात. यंदाची बोटुकली दाटीने, बेताच्या खाद्यावर, पुढच्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवायची. ती खुरटलेली दिसते, पण मोकळ्या पाण्यात आणि पोटभर खाद्यावर गेली, की झपाट्याने अंग धरते. ऑगस्टमध्ये अशी वर्षाची पिल्लं सोडली, तर आठ महिन्यांत चांगला मासा हाती येतो. मोठी असल्यामुळे ती कुणाच्या तोंडातही सहज जात नाहीत. आम्ही थोडी राखतो. मागणी इतकी असते की मेमध्येच आगाऊ रक्कम देऊन लोक जातात.

जास्त का राखत नाही? कारण त्यासाठी एप्रिल-मेमध्ये पाणी टिकणारी तळी लागतात. बारमाही तळी पंचायतीच्या ताब्यात आहेत, आणि मी पाहिलेले बहुतेक इजारे वर्षा-दोन वर्षांचे, सगळ्यांत मोठी बोली लावणाऱ्याला दिलेले. दोन वर्षांसाठी कोण चुना टाकेल, बांध दुरुस्त करेल, पिल्लं राखून ठेवेल? तो पहिल्या दिवसापासून काढून न्यायच्याच मागे असतो. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन बारमाही तळी फक्त पिल्लं राखण्यासाठी बाजूला काढावीत, निदान सात वर्षांच्या कराराने द्यावीत, भाडं वाजवी ठेवावं आणि बदल्यात त्या भागातल्या इजारदारांना ठरलेल्या भावात ठरलेल्या लांबीची पिल्लं देण्याची अट घालावी. गावातल्या महिला बचत गटांना हे काम उत्तम जमेल. रोजचं लक्ष, नेमाने खाद्य, नोंदवही, हेच त्यात लागतं. नर्मदा कालव्याचं पाणी जवळून जात असेल तिथे उन्हाळ्यात थोडं पाणी सोडता येईल, फक्त तोंडाला बारीक जाळी हवी, कारण कालव्यातून तिलापिया आणि चिल्लर मासे आत येतात.

शेवटी पुराचं. ऑगस्ट २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात विश्वामित्री वडोदरा शहरात शिरली, ते चित्र सगळ्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिलं. त्याच दिवसांत ढाढर नदीचं पाणी आमच्या बांधांवरून गेलं. मत्स्यबीज बोटुकलीच्या वाटेवर होतं, वर्षभराचा सगळा पैसा त्या पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याने तळ्याकडे बघितलं आणि विचारलं, नुकसान कुठे आहे? त्याचंही चूक नव्हतं. कापूस आडवा पडलेला दिसतो, भिंत पडलेली दिसते. तळं मात्र पुरानंतर काठोकाठ भरलेलं, पहिल्यापेक्षा देखणं दिसतं. त्यातलं पीक वाहून गेलं, हे डोळ्यांना कळायला काही मार्गच नाही. जाळं ओढून दाखवलं, तर त्यात कुठलेतरी नदीचे चिल्लर मासे आले. आपत्तीच्या मदतीच्या नियमांत मत्स्यबीज केंद्रांसाठी हेक्टरी अनुदानाची तरतूद आहे, पण आमच्या हातात आलेल्या अर्जात पीक, जनावर, घर एवढेच रकाने होते.

हे सुधारणं अवघड नाही. जुलैअखेर तलाटी आणि मत्स्यखात्याचा माणूस यांनी मिळून प्रत्येक संगोपन तळ्याची एकदा नोंद करावी: क्षेत्र किती, जिरे कुठून आणले, किती सोडले, हॅचरीची पावती, नमुना जाळ्यात आलेली पिल्लांची संख्या आणि लांबी. सात-बाराला जसा पिकाचा पेरा लागतो, तसा हा साठा लागावा. पूर आला, रोग आला किंवा विमा उतरवायचा झाला, तर त्याच नोंदीवर हिशेब व्हावा. विमा कंपन्याही आज याच कारणाने मागे सरतात, साठा सिद्ध कसा करणार म्हणून. पंचनाम्याच्या अर्जात एक रकाना वाढवायला पैसा लागत नाही. जिरे जुलैत तळ्यांत पडतात, तेव्हा त्याआधी, म्हणजे मे महिन्यातच, अर्जाचा हा नवा नमुना तालुक्यांना गेला पाहिजे.

आपली विश्वासू,
एक मत्स्यबीज उत्पादक शेतकरी,
दांडिया बाजार, वडोदरा